ऐकीव कीर्तीचे गुण

बॉस्टन, सप्टेंबर

सप्टेंबर उजाडला की इथल्या विद्यापीठांच्या प्रसिद्धी विभागांत धांदल उडते. ‘यू. एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट’ची नवी क्रमवारी येते. ज्यांचा नंबर वर सरकला ते त्याच दिवशी आपल्या वेबसाइटवर आकडा झळकवतात; ज्यांचा घसरला ते, शिक्षणाचं मोल असं आकड्यांत होत नसतं, असं गंभीर निवेदन काढतात. पुढल्या वर्षी नंबर बदलले की भूमिकाही बदलतात. मूळ वृत्तपत्रिकेची नियमित छपाई २०१० च्या अखेरीस थांबली. यादी मात्र ठणठणीत आहे, आणि पत्रिकेचं नाव आज लोकांच्या तोंडी आहे ते तिच्याच पुण्याईवर.

यादीत आकडे भरपूर असतात. किती विद्यार्थी ठरल्या मुदतीत पदवी घेतात, प्राध्यापकांना पगार काय, दर विद्यार्थ्यामागे खर्च किती. पण राष्ट्रीय पातळीवरच्या विद्यापीठांच्या गुणपत्रिकेतला सगळ्यात जड रकाना यांपैकी कुठलाच नाही. शंभरातले २० गुण एका चौकशीवर मिळतात. दरवर्षी वसंतात प्रत्येक विद्यापीठाचा अध्यक्ष, प्रोव्होस्ट म्हणजे शैक्षणिक कारभाराचा मुख्य, आणि प्रवेश विभागाचा प्रमुख अशा तिघांकडे एक फॉर्म जातो. त्यात आपल्याच गटातल्या विद्यापीठांची नावं असतात, राष्ट्रीय गटात चारशेहून जास्त. प्रत्येकापुढे १ ते ५ यांतला एक आकडा निवडायचा: ५ म्हणजे नामांकित, १ म्हणजे जेमतेम. ठाऊक नसेल तर ‘माहीत नाही’ अशीही सोय आहे.

आता आपल्या मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरूंना देशातल्या चारशे विद्यापीठांतल्या पदवी शिक्षणाच्या दर्जावर गुण द्यायला सांगितलं, तर ते काय करतील? जे इथले अध्यक्ष करतात तेच. पंधरा-वीस ठिकाणं स्वतः पाहिलेली, तीस-चाळीस परिषदांमधल्या ओळखीतून माहीत झालेली, आणि उरलेली ऐकीव. आपल्याकडे स्थळाची चौकशी करताना मुलाला कुणी पाहिलेलं नसतं, पण ‘घराणं चांगलं आहे म्हणतात’ एवढ्यावर गाडी पुढे जाते, तसंच हे. इथे मात्र त्या ऐकीव मताची सरासरी काढून ती दशांश चिन्हासकट छापतात, त्यामुळे ती मोजमाप वाटते.

मिशिगन राज्याचे माजी सरन्यायाधीश टॉमस ब्रेनन यांनी एकदा गंमत म्हणून शंभरेक वकिलांना एक प्रश्नावली पाठवली. दहा लॉ स्कूल्सची नावं दिली आणि दर्जाप्रमाणे क्रम लावायला सांगितला. हार्वर्ड, येल ही मोठी नावं होती, काही साधीही होती. पेन स्टेटच्या लॉ स्कूलला वकिलांनी मधलं, पाचव्याच्या आसपासचं स्थान दिलं. त्या वेळी पेन स्टेटला लॉ स्कूलच नव्हतं. हा किस्सा माल्कम ग्लॅडवेल यांनी २०११ मध्ये ‘न्यू यॉर्कर’मधल्या लेखात सांगितला, आणि तेव्हापासून क्रमवारीवरच्या प्रत्येक वादात तो कुणी ना कुणी काढतोच. मला त्यातलं ‘मधलं’ हे स्थान जास्त बोलकं वाटतं. वकिलांनी थापा मारल्या नाहीत. भलं मोठं विद्यापीठ, तगडा फुटबॉल संघ, तेव्हा लॉ स्कूलही बऱ्यापैकीच असणार, असा सभ्य अंदाज त्यांनी केला.

आपल्या वाचकाला इथे प्रश्न पडेल, की हा उद्योग एका पत्रिकेकडे आला कसा? सरकार काय करत होतं? याचं उत्तर शंभर वर्षं जुनं आहे. १९११ मध्ये केंद्र सरकारच्या शिक्षण विभागातल्या केंड्रिक बॅबकॉक यांनी ३४४ कॉलेजांची प्रतवारी केली. तिथले पदवीधर पुढच्या शिक्षणात कसे टिकतात, यावरून त्यांनी कॉलेजांचे वर्ग पाडले होते. यादी प्रसिद्ध होण्याआधीच वर्तमानपत्रांत फुटली आणि खालच्या वर्गांतल्या कॉलेजांनी असा गिल्ला केला, की राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी तिचं प्रकाशन थांबवलं. नंतर आलेल्या विल्सन यांनीही ती बाहेर येऊ दिली नाही. विल्सन स्वतः प्रिन्स्टनचे अध्यक्ष राहिलेले, तेव्हा या मधमाश्यांच्या पोळ्याची त्यांना पुरती कल्पना असणार.

शतकभरानंतर ओबामांनी तोच प्रयोग केला. कॉलेजांची किंमत आणि फलित तपासून सरकारी मानांकन देऊ, असं त्यांनी २०१३ मध्ये बफेलोच्या भाषणात जाहीर केलं. पुन्हा तसाच गिल्ला झाला, आणि २०१५ मध्ये त्यातून ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ नावाची माहितीची वेबसाइट तेवढी उरली. तिथे फी कळते, कर्ज कळतं, पदवीनंतरची कमाई कळते, नंबर नाही. अमेरिकेत कॉलेजला मान्यता देण्याचं कामही खासगी संस्थाच करतात. सरकारने शिक्षणाला गुण द्यायचे नाहीत, हा इथला पक्का संकेत आहे. पण पोराला कुठे घालायचं हा आईबापांचा प्रश्न संकेतांनी सुटत नाही. ती रिकामी जागा १९८३ मध्ये या पत्रिकेने भरली. पहिल्या यादीत दुसरं काहीच नव्हतं: कॉलेजांच्या अध्यक्षांना विचारलं, उत्तम कोण? स्टॅनफर्ड पहिलं आलं. अध्यक्ष मंडळींनी कुरकुर केल्यावर १९८८ पासून त्यात आकडेवारी मिसळली गेली. म्हणजे आज टीकाकार ज्याला यादीतला डाग म्हणतात, तो लौकिकच मुळात यादी होता. बाकीचं सगळं त्याभोवती नंतर रचलेलं.

लोकांच्या मताला गुण म्हटलं, की ते मत आपल्या बाजूला वळवण्याचे उद्योग आलेच. साधा उद्योग गुळगुळीत कागदाचा. फॉर्म येण्याच्या सुमारास अध्यक्षांच्या टेबलावर दुसऱ्या विद्यापीठांची रंगीत माहितीपत्रकं येऊन पडू लागतात: नवी इमारत, नवे अध्यासन, नव्या संशोधन केंद्राची फीत. लॉ स्कूल्समध्ये तर याचा इतका अतिरेक झाला, की तिथल्या प्राध्यापकांनी या माहितीपत्रकांना जे नाव ठेवलं आहे ते घरच्या वर्तमानपत्रात छापता यायचं नाही.

दुसरा उद्योग गुपचूप करायचा असतो. साउथ कॅरोलायनातल्या क्लेमसन विद्यापीठाने देशातल्या पहिल्या वीस सार्वजनिक विद्यापीठांत जायचं असं उघड ध्येय ठेवलं होतं, आणि २००१ मध्ये ३८ वं असलेलं हे विद्यापीठ २००८ पर्यंत २२ वं झालं. जून २००९ मध्ये अटलांटातल्या एका परिषदेत कॅथरिन वॉट या क्लेमसनच्याच अधिकाऱ्याने हे कसं केलं ते भर सभेत सांगून टाकलं. लहान वर्ग मोजताना वीसच्या आतला आकडा धरला जातो, म्हणून वर्ग अठरा-एकोणीसवर आणायचे आणि मोठे वर्ग आणखी फुगू द्यायचे, हे एक. आणि लौकिकाच्या फॉर्मवर आपलं सोडून सगळ्यांना कमी गुण, हे दुसरं. सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांच्या पोटात गोळा आला असणार. क्लेमसनने आरोप नाकारला.

पण पत्रकारांना वाट सापडली. सार्वजनिक विद्यापीठांना इथे माहिती अधिकारासारखा कायदा लागू आहे. भरलेले फॉर्म मागवले गेले. फ्लोरिडा विद्यापीठाच्या अध्यक्षांनी स्वतःच्या विद्यापीठाला हार्वर्डच्या ओळीत बसवलं होतं, आणि आपल्याच राज्यातल्या इतर विद्यापीठांना बरेच खालचे गुण दिले होते. विस्कॉन्सिन-मॅडिसनच्या फॉर्मवर जवळजवळ सगळ्या नावांपुढे सरसकट ‘ठीक’ असा एकच शेरा होता. मला यातला दुसरा फॉर्म जास्त प्रामाणिक वाटतो. त्या माणसाला बहुधा एवढंच म्हणायचं असावं, की मला दुसरी कामं आहेत.

असे कंटाळलेले लोक आता बहुसंख्य झाले आहेत. २००२ च्या सुमारास फॉर्म पाठवलेल्या तिघांतले दोघे तो भरून देत. अलीकडे साधारण एकच देतो. काहींनी तर तत्त्व म्हणून तो भरायचं सोडलं. २००७ मध्ये लॉइड थॅकर यांच्या ‘एज्युकेशन कन्झर्व्हन्सी’ने एक पत्र फिरवलं आणि साठाहून जास्त कॉलेज-अध्यक्षांनी, हा लौकिकाचा फॉर्म आम्ही भरणार नाही, अशा मजकुराखाली सही केली. यातली मेख अशी, की तुम्ही फॉर्म भरला नाही तरी इतर लोक तुम्हाला गुण देतच राहतात. गुण देणाऱ्यांच्या यादीतून बाहेर पडता येतं, गुण मिळणाऱ्यांच्या यादीतून नाही. ऑरेगनमधल्या रीड कॉलेजने १९९५ मध्येच सगळा असहकार पुकारला होता, माहितीही द्यायची नाही म्हणून. पत्रिकेने त्याची जागा मोकळी न सोडता अंदाजाने सगळ्यात खालचे आकडे भरले आणि दुसऱ्या चतुर्थांशातलं रीड थेट तळाच्या चतुर्थांशात गेलं. रीड बंद पडलं नाही. तिथे २००२ ते २०१२ अध्यक्ष असलेल्या कॉलिन डायव्हर यांनी पुढे या विषयावर अख्खं पुस्तकच लिहिलं. पण रीडच्या वाटेने फारसं कुणी गेलं नाही, कारण रीडइतका ठरावीक आणि हट्टी विद्यार्थीवर्ग फार थोड्यांकडे असतो.

लबाडीपेक्षा वाईट भाग मात्र निराळाच आहे आणि त्यात कुणाचाच दोष नाही. मायकल बॅस्टेडो आणि निकोलस बोमन या संशोधकांनी बऱ्याच वर्षांचे गुण तपासले, तेव्हा दिसलं की आज छापलेला नंबर उद्याच्या लौकिकाच्या गुणांवर परिणाम करतो. विद्यापीठात प्रत्यक्ष काही बदललेलं असो वा नसो. माणसाला चारशे नावांची यादी दिली, की तो आठवणीत चाचपडतो, आणि आठवणीत सापडते ती गेल्या वर्षीची क्रमवारी. मग तीच थोड्या फरकाने परत लिहिली जाते. जुनी, श्रीमंत, ईशान्य किनाऱ्यावरची विद्यापीठं वर्षानुवर्षं वरच्या डझनात का हलत-डुलत राहतात, याचं निदान एक कारण तरी हे आहे.

ताकदवान लोक रुसले की मात्र सूत्र हलतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये येलच्या लॉ स्कूलने, जे १९९० पासून दरवर्षी पहिलं होतं, या क्रमवारीला माहिती देणं थांबवलं. पाठोपाठ हार्वर्ड आणि इतर बरीच मोठी नावं बाहेर पडली. काही महिन्यांतच लॉ स्कूलच्या यादीतला लौकिकाचा वाटा ४० टक्क्यांवरून २५ वर आला. साठ लहान कॉलेजांच्या सह्यांनी जे झालं नव्हतं, ते पहिल्या नंबरच्या एका निवेदनाने झालं; हाही लौकिकाचाच प्रताप म्हणायचा.

अमेरिकेची ही पद्धत जगभर गेली आहे. लंडनच्या ‘क्यू. एस.’ क्रमवारीत प्राध्यापकांच्या मताला ३० आणि नोकरी देणाऱ्या कंपन्यांच्या मताला १५ टक्के, म्हणजे जवळजवळ अर्धी यादी लौकिकावर उभी आहे. दिल्लीच्या एनआयआरएफ या क्रमवारीतही ‘पर्सेप्शन’ला १० टक्के ठेवले आहेत. तिथे निदान सरकारच गुण देतं. टाफ्ट ऐकून चक्रावले असते.

पण आपल्या लोकांशी थेट संबंध येतो तो वेगळ्याच यादीचा, आणि ती फार थोड्यांनी नीट वाचलेली असते. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, आणि त्यांतल्या पुण्या-नागपूरच्या मुलांपैकी कितीतरी जण कॉम्प्युटर सायन्समध्ये एम. एस. करायला येतात. बॉस्टनच्या आसपास मराठी मंडळींचा गणपती बसला, की जेवणाच्या रांगेत ‘टॉप फिफ्टी’ हा शब्द कानावर पडतोच. ही पन्नासांची यादी ‘यू. एस. न्यूज’चीच. तिच्यात पदवी मिळवण्याचं प्रमाण नाही, पगार नाही, वर्गातली संख्या नाही, काहीच नाही. संगणकशास्त्राच्या विभागप्रमुखांना आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या प्रमुखांना दर काही वर्षांनी १ ते ५ चा तोच फॉर्म जातो, आणि आलेल्या उत्तरांची सरासरी म्हणजे क्रमवारी. शंभरातले शंभर गुण लौकिकाचे. शिवाय विचारलेलं असतं ते संशोधनाकडे डोळे लावून बसलेल्या माणसांना, आणि यादी वाचतो तो दीड-दोन वर्षांत पदवी घेऊन नोकरीला लागू पाहणारा मुलगा. वडिलांनी घर तारण ठेवून काढलेलं कर्ज २८ वा आणि ४१ वा यांतल्या फरकावर ठरत असेल, तर तो फरक कुणाच्या आठवणीतला आहे हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

याच राज्यात ॲमहर्स्टला, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या एमेरी बर्गर या संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांनी चिडून दुसरी यादी उभी केली, ‘सीएस रँकिंग्ज’ नावाची. तिथे कुणाचंच मत विचारत नाहीत. नावाजलेल्या परिषदांत कोणत्या विभागाच्या प्राध्यापकांचे किती निबंध आले, ते मोजतात. जगभरची विद्यापीठं तिच्यात आहेत, पवईची आयआयटीसुद्धा. यादी सरळ आहे, कुणालाही तपासून पाहता येते, पण ती निबंध मोजते. संध्याकाळी सहाच्या वर्गात कोण नीट शिकवतं आणि इंटर्नशिपसाठी विभागातलं कोण धावून येतं, हे तिलाही सांगता येत नाही. ते विचारायचं तर त्याच विभागात सध्या शिकणाऱ्या मुलाला गाठावं लागतं, आणि मोदकांच्या रांगेत तसे दोन-चार हटकून उभे असतात.