तोंडाचा वास जात नाही? प्रोबायोटिक गोळी घेण्याआधी हे वाचा

मुक्ताईनगर : मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की तोंडाला कोरड पडते. एकादशीच्या उपवासातही तेच होते. लाळ कमी झाली की तोंडाला वास येतो. पाणी प्यायल्यावर, चार घास पोटात गेल्यावर तो जातो. काहींचा मात्र जात नाही. बोलताना हात तोंडापुढे जातो, एसटीत शेजारचा मान वळवतो, आणि घरातले कोणी स्पष्ट सांगत नाही. अशा लोकांसाठी आता ‘ओरल प्रोबायोटिक’च्या चघळायच्या गोळ्या मिळतात. त्या खरंच उपयोगी आहेत का?

वास येतो कुठून?

‘पोट साफ नाही म्हणून वास येतो’ हा समज घरोघरी आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा वासाचे मूळ तोंडातच असते. जिभेच्या मागच्या भागावर साचलेला पांढरा थर आणि हिरड्यांच्या कडेच्या फटी येथे हवेशिवाय जगणारे जिवाणू राहतात. अन्नातील व लाळेतील प्रथिने ते कुजवतात आणि त्यातून गंधकयुक्त वायू निघतात. सडक्या अंड्यासारखा वास त्यांचाच.

गोळी काय करते?

सर्वाधिक चर्चा होते ती ‘स्ट्रेप्टोकोकस सॅलिव्हॅरिअस के-१२’ या जिवाणूची. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाचे जॉन टॅग यांच्या संशोधनातून तो पुढे आला. निरोगी तोंडात राहणारा हा जिवाणू काही त्रासदायक जिवाणूंना रोखणारी द्रव्ये सोडतो. कल्पना सोपी आहे : वाईट भाडेकरूंच्या जागी चांगले आणून बसवायचे.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २३ जण होते. आधी क्लोरहेक्सिडिनने गुळण्या करून तोंडातील जिवाणू कमी केले, मग गोळ्या दिल्या. आठवड्यानंतर के-१२ घेणाऱ्यांपैकी ८५ टक्के आणि नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी ३० टक्के लोकांत दुर्गंधीचे वायू बऱ्यापैकी घटले. आकडे चांगले आहेत, पण माणसे २३च. आणि जाहिरातीत सहसा न दिसणारी गोष्ट म्हणजे आधी केलेली ती सफाई. २०२२ मधील एका आढाव्यात ७ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. पहिल्या चार आठवड्यांपर्यंत वास कमी झाल्याचे दिसले; जिभेवरचा थर आणि दातांवरचे किटण मात्र तसेच राहिले.

म्हणजे गोळी घेतली तरी जीभ घासावी लागणारच. आजी वापरत असे ती तांब्याची उलथी आजही चालते; फक्त ती मागपर्यंत, हलक्या हाताने फिरवायची. ते करूनही वास उरला तर रात्री ब्रश केल्यावर गोळी तोंडात सावकाश विरघळवावी. गिळून किंवा लगेच वर पाणी पिऊन उपयोग नाही. जंतुनाशक गुळणी त्याच वेळी केली तर विकत घेतलेले जिवाणूही मरतात. प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या घेऊ नयेत.

भरीत आणि कांद्याच्या पातीचा बेत झाल्यावर येणारा वास वेगळा. लसणातील काही द्रव्ये रक्तात मिसळून श्वासावाटे बाहेर पडतात. तिथे गोळीचे काही चालत नाही. ते उतरायला वेळच द्यावा लागतो. वांग्याच्या भरितावर आक्षेप घेणारा खान्देशात सापडणेही कठीणच!

वास झाकू नका

खरी काळजी दुसरीच आहे. शेतात तळहातावर मळलेली तंबाखू, घरात बायकांच्या बोटावरची मशेरी, आणि २०१२ पासून राज्यात बंदी असूनही मिळणारा गुटखा. यांनी हिरड्या खराब होतात आणि तोंडाचा कर्करोगही होतो. हिरड्यांतून रक्त येणे, दात हलणे, तोंड पूर्ण न उघडणे, दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा यांपैकी काही असेल तर गोळी मागवण्यात दिवस घालवू नयेत. आधी तोंड दंतवैद्याला किंवा सरकारी रुग्णालयात दाखवावे. मधुमेही रुग्णाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येत असेल, सोबत उलट्या किंवा धाप असेल, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.