सवयीचा माणूस

पळसदरीच्या तलावावरच्या पक्ष्यांना रेल्वेचं काही वाटत नाही. कर्जतला मागे बँकर इंजिनं लावून निघालेली पुण्याची गाडी बोरघाटाच्या चढाला भिडते, दर 37 फुटांना एक फूट असा तो चढ, आणि इंजिनांची घरघर दरीत भरून राहते. पाठोपाठ खोपोली लोकलचा भोंगा. उथळ पाण्यातला वंचक मान आखडून होता तसाच उभा. मात्र काठाच्या पायवाटेने गळ्यात दुर्बीण अडकवलेला एखादा मुंबईकर वाकून, दबक्या पावलांनी पुढे सरकू लागला, की हा मातकट पक्षी लांबूनच पंख उघडतो, क्षणात पांढराशुभ्र होतो आणि पलीकडच्या काठाला जाऊन बसतो.

खरी गोम त्या दबकण्यातच आहे. रानात दबकून कोण चालतं? मांजर, बिबट्या आणि शिकारी. समोर रोखलेले दोन डोळे, अंग चोरलेलं, मध्येच थबकणं. पक्ष्याच्या लेखी ही सगळी लक्षणं एकाच गोष्टीची. तिथून थोड्याच अंतरावर दगडावर कपडे आपटणाऱ्या बायका मोठमोठ्याने बोलत असतात आणि धोबी पक्षी शेपटी हलवत त्यांच्या आसपास किडे टिपत असतो. म्हशी पाण्यात उतरतात, त्यांच्या पायांनी उठलेल्या किड्यांवर गायबगळे ताव मारतात. गळ टाकून बसलेल्या माणसाची तर कुणी दखलही घेत नाही.

पक्षी बघायचं काम मी शिकलो ते या गळवाल्याकडे बघून. तो काठावर येतो तो सरळ, पाय वाजवत. ठरलेल्या जागी बसतो. बिडी ओढतो, खाकरतो, पण अचानक उठत नाही, हात झटकत नाही. मीही तसंच करायला लागलो. पाण्याच्या दिशेने थेट न जाता तिरकं चालायचं, पक्ष्याकडे न बघता भलतीकडे बघत. बसायचं आणि मग काहीच करायचं नाही. आधी उडालेले परत यायला वीसेक मिनिटं लागतात. पहिला येतो तुतवार, मागचा भाग सारखा वरखाली हलवत, काठाच्या चिखलाला धरून. मग कवड्या धिवर पाण्यावर एका जागी पंख फडफडवत टांगून राहतो आणि चोच खाली करून सूर मारतो. दुर्बीण वर न्यायची ती सावकाश, आणि तीही तो माशात गुंतलेला असताना.

‘‘गाडीला टाइम हाय,’’ गळवाला एकदा म्हणाला, ‘‘तुमा लोकांना टाइम नाय, म्हणून बुजतात.’’ मी त्यांना मामा म्हणतो. मामांनी पक्ष्यांचं एकही पुस्तक पाहिलेलं नाही.

हा कवड्या धिवर आफ्रिकेतही आहे, अगदी हाच. केनियातल्या मसाई मारात तो दिसला तेव्हा आमच्या गाडीतल्या कुणालाच त्याचं अप्रूप नव्हतं. साहजिक आहे. मुंबईहून नैरोबी, तिथून मोटारीने पाच-सहा तास, इतकं करून माणूस येतो तो सिंहासाठी. आणि सिंह झोपलेला असतो. दिवसाचे वीस-वीस तास तो नुसता लोळतो. भाकरवडीची पिशवी फिरत होती आणि मागच्या सीटवरच्या काकू ड्रायव्हरला हिंदीत विनवत होत्या, ‘‘भय्या, उसको जरा उठाओ ना.’’

ऊन चढल्यावर एक सिंहीण आपणहून उठली आणि येऊन आमच्याच गाडीच्या सावलीत आडवी झाली. गाडीत सगळ्यांनी श्वास रोखला. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. पिढ्यान्‌पिढ्या गाड्या येतात, थांबतात, जातात, कुणाला काही करत नाहीत. गाडी आणि आतली माणसं मिळून तिच्या लेखी एकच वस्तू. एकाने फोटोसाठी खिडकीबाहेर कंबरेपर्यंत अंग काढलं, तेव्हा मात्र तिची मान झटकन वळली, कान ताठ झाले. ड्रायव्हरने त्याला शर्टाला धरून आत ओढलं. त्या वस्तूतून माणूस वेगळा निघाला होता.

ड्रायव्हरचं कसब आणखी एका गोष्टीत होतं. तो सिंह शोधतच नव्हता. वारुळावर चढून उभं राहणारं टोपी नावाचं एक हरीण तिकडे आहे. चार-पाच टोपी एकाच दिशेला तोंड करून थिजलेले दिसले, की तो तिकडे गाडी वळवायचा. गिधाडं कुठे उतरताहेत यावर त्याची नजर असायची. पळसदरीत हेच काम सातभाई करतात. करवंदीच्या जाळीत त्यांचा कलकलाट वाढला, बुलबुल आणि कोतवाल येऊन मिळाले, की समजावं आत धामण आहे नाहीतर दिवसा झोपलेलं घुबड. वरच्या रानातून भेकर कुत्र्यासारखं भुंकायला लागलं, तर उठून जावं की बसून राहावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी बसून राहतो.

प्राण्याला सवय झाली म्हणजे त्याला त्रास नाही, असं मात्र समजू नये. चित्ता गाड्यांना बुजत नाही, गाडीच्या टपावरही चढतो. पण माराच्या चित्त्यांवरचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. गाड्यांची फार गर्दी असलेल्या भागात एका मादीची सरासरी 0.2 पिल्लं हाताशी आली, कमी गर्दीच्या भागात 2.3. चित्ता दिवसा शिकार करतो आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्याभोवती गाड्यांचं कडं पडतं. आम्हीही त्या कड्यात होतो, वायरलेसवर बातमी आली म्हणून धावलेलो.

पळसदरीची गर्दी पावसाळ्यातली. रविवारी धबधब्याकडे जाणारे लोंढे, स्पीकर, पाण्यात फेकलेल्या बाटल्या. त्या दिवशी काठावर पक्षी शोधू नयेत. सोमवारीही ते पलीकडेच असतात. मामांचा गळही त्या दिवसांत पलीकडे असतो, तेवढीच खूण पुरे.

आणि भोरड्यांना यातलं काहीच लागू नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि सावर फुलतात, तेव्हा मध्य आशियातून आलेल्या या गुलाबी-काळ्या पाहुण्यांचे थवे फुलांवर तुटून पडतात. आज या झाडावर, उद्या कुठे, काही नेम नाही. एका जागी टिकतच नाहीत, तर तुमची सवय व्हायची कधी? एक उडाली की अख्खं झाड रिकामं होतं. त्यांच्यासाठी सावरीपासून चांगलं लांब, ऊन पाठीवर घेऊन बसावं, आणि सकाळी लवकर, कारण दहानंतर त्या बहुधा नसतात.