उलट्या पावली, गुडघ्यांसाठी

सकाळच्या वेळी बागेत कुणी गृहस्थ मागे मागे पावले टाकीत चाललेले दिसले, की बाकावरची मंडळी एकमेकांकडे बघून हसतात. उलटी पावले हडळीची, हे आपण लहानपणापासून ऐकलेले! चीनमधल्या बागांतून मात्र वयस्कर माणसे असे चालताना सर्रास दिसतात. टेक्सासचा प्लेनी विंगो तर १९३१ साली उलटे चालत जगप्रवासाला निघाला. मागचे दिसावे म्हणून चष्म्याला छोटे आरसे लावून १९३२ मध्ये तो इस्तंबूलला पोहोचला (समुद्र अर्थातच बोटीने). त्याचे दुखणे गुडघ्याचे नव्हते. मंदीत त्याचे उपाहारगृह बुडाले होते.

गुडघ्याचे दुखणे असणाऱ्यांना मात्र या चालीत खरोखर काही मिळण्यासारखे आहे.

गुडघ्यातल्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. वय, वजन, जुनी दुखापत यांमुळे ते झिजते. या कूर्चेला रक्तपुरवठा नाही, म्हणून एकदा झिजली की ती सहसा भरून येत नाही. मग जिना नकोसा होतो, खाली मांडी घालून बसणे सुटते. दुखते म्हणून माणूस चालणे कमी करतो, आणि खरी गफलत इथेच होते. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू हा गुडघ्याचा आधार. न वापरल्याने तो दुबळा पडतो, त्याने झेलायचे धक्के सांध्यावर येतात, दुखणे आणखी वाढते.

आपण पुढे चालतो तेव्हा टाच आधी टेकते; गुडघा जवळजवळ सरळ असतो आणि जमिनीचा दणका वर चढतो. मागे चालताना आधी चवडा टेकतो, टाच नंतर. गुडघा किंचित वाकलेला असतो आणि अंगाचे वजन पेलत सरळ होतो. त्यामुळे दणका कमी बसतो, गुडघ्याच्या वाटीमागचा दाबही कमी राहतो, आणि मांडीच्या त्या स्नायूला मात्र जास्त राबावे लागते. म्हणजे सांध्याला सवलत आणि स्नायूला मेहनत. दुखऱ्या गुडघ्याला हवे असते ते हेच.

सौदी अरेबियातल्या संशोधकांनी २०१९ साली ६८ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. नेहमीची फिजिओथेरपी सर्वांनाच होती. शिवाय एक गट आठवड्यातून ३ दिवस, १० मिनिटे उलटा चालला, दुसरा सुलटा. ६ आठवड्यांनी उलटे चालणाऱ्यांच्या वेदना अधिक कमी झाल्या, मांडीची ताकदही अधिक वाढली. रुग्ण थोडे, मुदतही थोडी. तेव्हा शस्त्रक्रिया टळलीच, असे कुणी सांगू लागले तर विश्वास ठेवू नये. झिजलेली कूर्चा काही यातून परत येत नाही. पण दहा मिनिटांच्या, बिनखर्चाच्या व्यायामाने एवढे साधत असेल, तर तो हसण्यावारी नेण्याजोगा नक्कीच नाही.

धोका एकच, पण मोठा: पडण्याचा. साठीनंतर खुब्याचे हाड मोडले तर गुडघेदुखी परवडली म्हणायची वेळ येते. म्हणून रस्त्यावर, उताराला किंवा गच्चीवर हा प्रयोग मुळीच नको. चक्कर येणारे, दृष्टी अधू असणारे, मधुमेहाने तळपाय बधिर झालेले, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. गुडघा सुजलेला असेल किंवा मध्येच अडकत असेल, तर आधी तपासणी.

बाकीच्यांनी पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली शिकून घ्यावे. घरी सामान हलवून मोकळा केलेला सपाट व्हरांडा पुरतो. एक हात भिंतीला, पायात चपला नव्हे तर बूट, पावले छोटी. सुरुवातीला दोन-तीन मिनिटे खूप झाली. सारखी मान वळवून मागे बघितले तर गुडघा राहील बाजूला आणि मान धरेल. त्यापेक्षा घरातल्या कुणीतरी समोर उभे राहून दोन्ही हात धरावेत आणि आपल्याबरोबर पुढे चालावे. मागचे सगळे त्यांना दिसते.