उसाच्या ट्रकचा हवेचा हॅण्डब्रेक



मागच्या हंगामात एका फडावर घडलेली गोष्ट. ट्रक रात्रभर उतारावर उभा होता. सकाळी ड्रायव्हरने इंजिन चालू केले, गिअर काढलेलाच ठेवला आणि तो चहाला उतरला. पाचेक मिनिटांत ट्रक आपोआप चालू लागला. मागे पाचटावर तोडकरी बाईचे लेकरू निजले होते. आईने झेप घेऊन त्याला ओढले म्हणून वाचले. सगळे म्हणाले, "ब्रेक फेल झाला." पण ब्रेक फेल झालाच नव्हता. मग झाले काय? समजून घेऊ या.

हॅण्डब्रेक ओढला की "फुस्स" आवाज येतो. पुष्कळांना वाटते, हवा गेली म्हणजे ब्रेक गेला. खरे ते उलट आहे. अशा ट्रकच्या मागच्या चाकांपाशी चेंबरमध्ये एक जाडजूड स्प्रिंग असते. ब्रेक धरते ती स्प्रिंग. हवा फक्त तिला दाबून ठेवते. हवा सोडली की स्प्रिंग मोकळी होते आणि चाक जखडते. म्हणूनच नळी फुटून हवा गेली तरी गाडी मोकळी सुटत नाही. ही सोय सुरक्षिततेसाठीच केलेली आहे.

आता त्या सकाळचे पाहा. ड्रायव्हरने रात्री हॅण्डब्रेक ओढलाच नव्हता. हवा झिरपत गेली, स्प्रिंगने चाक धरले. सकाळी इंजिन चालू होताच टाकीत हवा भरू लागली, स्प्रिंग पुन्हा दाबली गेली आणि चाके सुटली. हे टाळण्यासाठी काही गाड्यांत जादा झडप असते. हवा पुरेशी भरली तरी ड्रायव्हरने मुद्दाम बटण दाबल्याशिवाय ब्रेक सुटत नाही. पण प्रत्येक गाडीत ती असेलच असे नाही. म्हणून खबरदारी आपणच घ्यावी :

१. गाडी उभी केली की हॅण्डब्रेक ओढायचाच. इंजिन चालू करण्याआधी तो ओढलेला आहे ना, हे पाहावे.

२. उतारावर चाकांना मोठा दगड किंवा लाकडी ठोकळा लावावा. नुसत्या ढेकळावर विसंबू नये.

३. काट्यावर हवेचा दाब पुरेसा दिसल्याशिवाय, साधारण ७ ते ८ किलो झाल्याशिवाय, गाडी हलवू नये. लाल दिवा किंवा भोंगा चालू असेल तर मुळीच नाही.

४. हवेच्या टाकीतले पाणी रोज सोडावे. पाण्याने झडपा गंजतात.

५. हवा संपून गाडी फडातच अडकली, तर चेंबरचा बोल्ट फिरवून स्प्रिंग मागे ओढता येते. पण मग चाकाला ब्रेकच उरत नाही! आधी दोन्ही बाजूंनी ठोकळे, मगच पाना.

६. चेंबर कधीही घरी खोलू नका. आतली स्प्रिंग सुटली तर माणूस जागीच जाऊ शकतो. ते काम मिस्त्रीचेच.

ट्रॅक्टर-ट्रॉलीला बहुधा ही सोय नसते. तिथे ठोकळा हाच ब्रेक समजा.

आणि शेवटचे : ट्रकची सावली कितीही गार वाटली तरी तिथे कुणाला बसू देऊ नका, लेकरांना निजवू देऊ नका. ट्रक परक्याचा असला तरी फड आपला आहे. ड्रायव्हरला "हॅण्डब्रेक ओढलास का रे बाबा?" एवढे विचारायला लाजू नका.