वसईचे पुरोहित

'पुरोहित' हा शब्द आपल्या घरांतून नित्य उच्चारला जातो. लग्नमुंजीच्या वेळीं त्याची आठवण होते आणि दक्षिणा दिली कीं आपण तो विसरतों. परंतु त्याची व्युत्पत्ति पाहिली असतां अर्थ बराच गंभीर दिसतो. 'पुरः' म्हणजे पुढें आणि 'हित' म्हणजे ठेवलेला. लोकांनीं ज्यास आपल्या पुढें ठेविलें तो पुरोहित. संकटसमयीं जो मागें राहील त्यास हें नांव शोभणार नाहीं. या कसोटीस उतरणारा एक पुरुष आमच्या वसई प्रांतांत होऊन गेला, आणि तो ख्रिस्ती धर्मगुरु होता, हें लिहितांना आम्हांस यत्किंचितही संकोच वाटत नाहीं. वयाचीं ८१ वर्षें पुरीं करून फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजीं निवर्तले.

त्यांचा जन्म ४ डिसेंबर १९४२ रोजीं नंदाखाल येथें झाला. वटार, राजोडी, नंदाखाल, आगाशी हा सारा टापू एकाच हिरव्या पट्ट्यांतील. केळीच्या बागा, पानवेली, फुलझाडें, भाजीचे वाफे आणि त्यांवर माडांची सावली, असें या वाड्यांचें रूप. आगाशीचीं सुकेळीं तर कित्येक वाचकांनीं चाखलींही असतील. समुद्र इतका जवळ असतां येथील विहिरींचें पाणी गोड कसें, असा प्रश्न पाहुण्यास सहजच पडतो. त्याचें उत्तर बावखलांत आहे. बावखल म्हणजे वाडींत खणलेलें ऐसपैस, खोलगट तळें. पावसाळ्यांत तें भरतें आणि मग पाणी सावकाश जमिनींत मुरत राहतें. भूमीच्या पोटांत गोड्या पाण्याचा भार आहे तोंवर समुद्राचें खारें पाणी आंत शिरूं शकत नाहीं. बावखल बुजविलें, किंवा विहिरींतून बेसुमार उपसा केला, कीं हा तोल सुटतो. आणि एकदां विहीर खारट झाली म्हणजे बागाइतीचा कणाच मोडतो.

पूर्वजांनीं कुदळीनें लिहून ठेविलेलें हें शास्त्र फादरांनीं जन्मतःच पाहिलें होतें. मुंबईची वस्ती रेल्वेमार्गानें वसईकडे सरकूं लागली, इमारतींसाठीं जमिनी हस्तगत होऊं लागल्या, टँकर भरभरून गोडें पाणी बाहेर जाऊं लागलें, तेव्हां स्वस्थ बसणें त्यांना शक्य झालें नाहीं. 'हरित वसई संरक्षण समिती'चें नेतृत्व करून ते लोकांसह रस्त्यावर उतरले. त्या काळीं येथें दहशतही मोठी होती. उघड बोलणें म्हणजे वैर पत्करणें. फादर उघड बोलले. धर्मगुरूनें प्रार्थनामंदिर सोडून मोर्चांत कशाला जावें, असें ज्यांस वाटलें असेल त्यांनीं आपल्याच शाकुंतलाचें स्मरण करावें. आश्रमांतील वृक्षांस पाणी घातल्यावांचून स्वतः पाण्याचा घोट न घेणारी शकुंतला ही कांहीं अधर्म करीत नव्हती.

वृक्षांवरील प्रेम आणि माणसांवरील प्रेम अशीं दोन खातीं फादरांच्या ठिकाणीं नव्हतीं. विहीर खारट झाली तर प्रथम उपाशी राहील तो वाडी कसणारा गरीब माणूस, हें ते जाणत होते. धर्मसंस्थेचें आज्ञापालनाचें व्रत त्यांनीं घेतलें होतें, पण भीतीचें दास्य मात्र कधीं पत्करलें नाहीं. आमच्या मतें खरी स्वच्छंद वृत्ति हीच. मनास येईल तिकडे भटकणारा माणूस मुक्त म्हणावा कीं नाहीं, याविषयीं शंका घेतां येईल; ज्याच्या जिभेस कोणी कुलूप लावूं शकत नाहीं तो मात्र निःसंशय मुक्त होय.

त्यांची लेखणीही अशीच मोकळी होती. १९८३ पासून २००७ पर्यंत 'सुवार्ता' मासिकाचें संपादन करून त्यांनीं तें केवळ एका धर्माच्या कुंपणांत राहूं दिलें नाहीं. संपूर्ण बायबल त्यांनीं 'सुबोध बायबल' या नांवानें आजच्या मराठींत आणिलें. १६१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तपुराणांत फादर स्टीफन्स यांनीं मराठीचें जें कौतुक केलें, त्याच वाटेवरचें हें पुढचें पाऊल. जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद, म्हणजे आतांचें धाराशिव, येथें भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें. एका पाद्र्यास हा मान कां, म्हणून कांहींनीं विरोध केला. पाठीचें दुखणें असतांही फादर तेथें गेले आणि जें बोलावयाचें तें सौम्य शब्दांत, पण न भितां बोलले. त्यांच्या आत्मचरित्राचें नांव 'नाही मी एकला' असें आहे. तें नांव अगदीं यथार्थ होय.

आमच्या प्रांतांत सामवेदी ब्राह्मणांच्या घरीं आणि ख्रिस्ती कुपारी घरीं एकच कादोडी बोली बोलली जाते. ओटे निराळे, देव्हारे निराळे, पण आजीच्या तोंडची भाषा एक. ज्यास हें ठाऊक आहे त्यास फादर परके वाटणार नाहींत. इतरांनीं निदान एवढें ध्यानांत आणावें, कीं मुंबईंतील कित्येक देव्हाऱ्यांवरचीं फुलें, विड्याचीं पानें, नैवेद्याचीं केळीचीं पानें पिढ्यान्‌पिढ्या या वाड्यांतूनच गेलीं आहेत. तीं लावणारा हात कोणत्या धर्माचा, हें देवानें कधीं विचारलेलें नाहीं.

२००९ सालीं येथें महानगरपालिका आली. इमारती वाढल्या आणि वाढतच आहेत. माणसांस घरें हवींत, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु पायाखालचें गोडें पाणी गमावून बांधलेलें घर किती दिवस सुख देईल, याचा विचार घर बांधणाऱ्यानेंही करावयास हवा. फादरांच्या स्मरणार्थ सभा होतात, भाषणें होतात. तीं अवश्य व्हावींत. पण ज्याच्या वाडींत बावखल आहे त्यानें तें बुजवूं नये, ज्याची विहीर आहे त्यानें पागोळ्यांचें पाणी तींत सोडावें, आणि ज्याजवळ केवळ गच्ची आहे त्यानेंही पावसाचें पाणी वायां जाऊं देऊं नये. नंदाखालच्या मातींत वाढलेल्या या पुरोहितास एवढी दक्षिणा पुरेशी होईल, असें आम्हांस वाटतें.