नऊ एक्के

लग्नघरात, आगगाडीत, बँकेच्या रांगेत, जिथे जिथे वेळ जात नाही तिथे मी एक आकडा लोकांना दाखवीत आलो आहे. नऊ एक्के मांडावे आणि त्यांना त्यांनीच गुणावे. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. चढावे, कळस गाठावा, उतरावे! "असेच पुढे कितीही चालते," असेही मी ठोकून देत असे.

गेल्या दिवाळीत रनाळ्याच्या घरी सातवीतली नात आली, ती गणितात नापास होऊन. "आजोबा, मला गणित येणारच नाही," हे तिने इतक्या शांतपणे सांगितले की माझ्या पोटात धस्स झाले. रडली असती तर बरे वाटले असते. मी खडू घेतला आणि ओट्यावर नऊ एक्के मांडले.

तिने गुणाकार रीतसर केला. एकेक घर सरकवीत नऊ ओळी. बेरजेच्या वेळी तीच म्हणाली, "यात नुसते एक्केच तर मोजायचे आहेत! मधल्या उभ्या रांगेत नऊ, दोन्ही बाजूंना कमी कमी."

मग मी देवळालीच्या शाळामास्तरांची गोष्ट सांगितली. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. १९६२ पर्यंत ते मुलांना शिकवीत आणि उरल्या वेळात आकड्यांशी खेळत. एक्क्यांच्या वर्गांतून येणाऱ्या अशा संख्यांना त्यांनी 'डेमलो' म्हटले, तेही एका रेल्वे स्टेशनावरून! १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला ते ठाऊक झाले. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला त्यांनी नाव दिले 'हर्षद', आनंद देणारी.

"आपली आहे का हर्षद?" नातीने विचारले. अंकांची बेरीज ८१. तिने भागाकार मांडला, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बाकी शून्य. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. त्यात आठ नाही, हे तिनेच दाखवले. (आमच्याच खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने मठ काढल्याचे कोरले आहे. त्यांच्या 'लीलावती'तील स्थाननामांत सतरावे स्थान 'मध्य' आणि अठरावे 'परार्ध'. आमचा आकडा सतरा अंकी, परार्धाच्या एकच पायरी अलीकडे!)

फराळानंतर पाहतो तो बाईसाहेब ओट्यावर दहा एक्के मांडून बसलेल्या.

"आजोबा, तुमचे चुकले."

उत्तर होते १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रांगेत दहा आले, शून्य लिहून हातचा एक. शेजारच्या नवात तो मिळाला, पुन्हा दहा, पुन्हा हातचा. तो आठाला मिळाला आणि आठाचे नऊ झाले. चढणीवरचा आठ गेला, कळसही गेला. बेरीज ८२, सम संख्या, आकडा विषम. भाग जाणार कसा? हर्षदपणही गेले!

वाचकहो, पन्नास वर्षे मी ही थाप बिनदिक्कत मारीत होतो आणि एकानेही दहावा एक्का मांडून पाहिला नव्हता. मीसुद्धा नाही. तसे मी तिच्यापाशी कबूल केले.

तिने ऐकले की नाही कोण जाणे. ओट्यावर जागा संपली होती, म्हणून ती अकरा एक्के घेऊन अंगणात उतरली होती.