सहा हजार कोटी नोंदी, आणि त्यांत आपण कुठे?

कौटुंबिक इतिहासाच्या धंद्यातलं जगातलं सर्वांत मोठं संकेतस्थळ अमेरिकेतलं, अ‍ॅन्सेस्ट्री. आपल्याकडे ६,००० कोटींहून अधिक नोंदी आहेत, असं ही कंपनी सांगते. माणूसजात अस्तित्वात आल्यापासून आजवर किती माणसं जन्मली असतील, याचा लोकसंख्याशास्त्रज्ञांचा एक अंदाज ११,७०० कोटींचा आहे. म्हणजे आजवरच्या सगळ्या माणसांच्या निम्म्या संख्येइतक्या नोंदी एका कंपनीच्या ताब्यात आहेत. एका माणसाच्या दहा नोंदी असू शकतात, तेव्हा निम्मी मानवजात तिथे सापडते असा अर्थ काढायचा नाही; पण आकडा छाती दडपवणाराच आहे. दर सेकंदाला एक नोंद, झोप नाही की जेवण नाही, अशा वेगानं वाचत गेलं तर १,९०० वर्षं लागतील. सातवाहनांच्या काळात वाचायला बसलेला माणूस आत्ता कुठे शेवटच्या पानाशी आला असता. २०२० मध्ये ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीनं हा कारभार ४७० कोटी डॉलरना विकत घेतला, तो उगीच नाही.

अशा संकेतस्थळाची वर्षाची वर्गणी योजनेनुसार कमीजास्त होते, पण भरपूर नोंदी हव्या असतील तर ती ३०० डॉलरच्या घरात जाते. रुपयांत पंचवीस हजारांच्या आसपास. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या, हडपसरातल्या किंवा कोथरूडमधल्या कुटुंबानं हे पैसे भरावेत का?

उत्तराआधी एक गणित करायला हवं, कारण आपण नेमकं किती माणसांना शोधतो आहोत याचा बहुतेकांना अंदाज नसतो. आईवडील दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. पिढीला २८ वर्षं धरली तर २००० साली जन्मलेल्या मुलीच्या बाराव्या पिढीचे पूर्वज १६६४ च्या सुमारास, शिवकाळात येतात. त्या एका पिढीत ४,०९६ माणसं. बारा पिढ्यांची बेरीज ८,१९०. आता घरातली वंशावळ काढून बघा. मुलगा, बाप, आजा, पणजा अशी ती सरळ वर जाते. म्हणजे बारा पुरुष. ८,१९० मधले १२, म्हणजे ६८२ मागे एक. ज्या कागदाला आपण ‘घराण्याचा इतिहास’ म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत जपतो, त्यात आपल्या खऱ्या पूर्वजांपैकी एक टक्कासुद्धा नाही. अर्धा टक्काही नाही. आणि त्या बारा जणांत एकही बाई नाही.

आणखी वर गेलं की आकडे हाताबाहेर जातात. बाविसाव्या पिढीत ४१,९४,३०४ पूर्वज होतात, २०११ च्या जनगणनेतल्या पुणे महापालिकेच्या लोकसंख्येहून दहा लाखांनी जास्त. तिसाव्या पिढीत १,०७,३७,४१,८२४. हा काळ देवगिरीच्या यादवांच्या उदयाच्या जरा आधीचा, आणि तेव्हा साऱ्या जगाची लोकसंख्या चाळीस कोटींच्या आसपास होती. म्हणजे तीच ती माणसं आपल्या झाडावर पुन्हा पुन्हा येतात. महाराष्ट्रात याचं कारण घरोघरी माहीत आहे: मामाची मुलगी करायची पद्धत. मामेबहिणीशी लग्न झालं की त्यांच्या मुलाला पणजी-पणजोबा आठ उरत नाहीत, सहाच होतात. असं दर दोन-तीन पिढ्यांनी झालं, तेही पंचक्रोशीतल्याच ठरलेल्या घरांत, की कोट्यवधींचा आकडा आटून काही हजारांवर येतो. आपण शोधतो आहोत ती माणसं म्हणूनच बरीचशी एकमेकांच्या दोन-चार दिवसांच्या चालीच्या अंतरावर राहत होती.

मग ती माणसं त्या सहा हजार कोटींत आहेत का? तिथल्या नोंदी आल्या कुठून, हे पाहिलं की निम्मं उत्तर मिळतं. इंग्लंड-अमेरिकेत दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेचे नावनिशीवार तक्ते जपून ठेवतात आणि ठरावीक मुदतीनंतर लोकांसाठी खुले करतात. इंग्लंड आणि वेल्सची १९२१ ची जनगणना जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली: ३ कोटी ८० लाख माणसं, घरपत्त्यासह. अमेरिकेची १९५० ची त्याच वर्षी एप्रिलमध्ये, १५ कोटींवर माणसं. त्यांत चर्चमधल्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या वह्या, जहाजांच्या उतारू याद्या, सैन्यभरतीचे कागद मिसळले की कोटींचे हजार कोटी होतात. भारतात १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी जनगणना झाली, पण आपल्याला मिळतात ते बेरजांचे तक्ते. माणसागणिक माहिती गुप्त ठेवावी, असं १९४८ च्या जनगणना कायद्याचं पंधरावं कलम सांगतं. १९३१ साली तुमचे पणजोबा जुन्नर तालुक्यात मोजले गेले. ते त्या तालुक्याच्या आकड्यात आहेत, नावानं नाहीत.

त्यांचं नाव ज्या कागदांवर असण्याचा संभव आहे, ते कागद मात्र पुण्यातच आहेत, आणि त्यांचा आकडाही लहान नाही.

बंडगार्डनकडे जाताना पुणे पुराभिलेखागाराची जुनी दगडी इमारत लागते. सामान्य पुणेकर तिला पेशवे दफ्तर म्हणूनच ओळखतो. तिथे सुमारे ३९,००० रुमाल आहेत, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. एका रुमालात हजाराच्या आसपास कागद, म्हणून एकूण चार कोटींच्या घरात. एकावर एक ठेवले आणि कागदाची जाडी आजच्या कागदाइतकीच धरली (हातकागद त्याहून जाड असतो) तर चवड चार किलोमीटर उंच होईल. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी तिच्या डोक्यावर सातशे मीटर उरतील.

यातले बहुतेक कागद मोडी लिपीत आहेत. शाहू दफ्तर, रोजकीर्द, घडणी, पागा, प्रांत अजमास असे त्यांचे विभाग. राजकारणाची पत्रं त्यात आहेत, पण खरा साठा हिशोबाचा आणि हक्कांचा. कुणाला किती वेतन, कुणाच्या बैलाची जकात, कोणत्या पाटलाचा कोणत्या भावाशी तंटा. कुटुंबाचा इतिहास शोधणाऱ्याला सोन्याची खाण वाटावी असा भाग इनाम कमिशनचा. १८५२ च्या अकराव्या कायद्यानं इंग्रज सरकारनं इनामं आणि वतनं तपासायला घेतली. हे इनाम तुमच्याकडे कसं आलं, कुणाकडून आलं, वारस कोण, हे सिद्ध करा, असं दारोदार विचारलं गेलं. लोकांनी कैफियती लिहून दिल्या, वंशावळी जोडल्या. जमिनीचा तुकडा वाचवायला दिलेल्या त्या जबान्या आज घराण्याचा पुरावा झाल्या आहेत.

आता हे चार कोटी कागद वाचायला किती वेळ लागेल? मोडी उत्तम येणारा माणूस पाच मिनिटांत एक कागद वाचतो असं धरू. हे उदारपणे धरलेलं आहे. दिवसाला आठ तास, वर्षाला तीनशे दिवस. वर्षाचे २८,८०० कागद झाले. चार कोटींना १,३८९ वर्षं लागतात. चालुक्य पुलकेशी दुसरा गादीवर असताना वाचायला सुरुवात करायला हवी होती.

वर्गणीचा सगळा विचार इथे येऊन ठरतो. संकेतस्थळावरच्या नोंदींनाही १,९०० वर्षं लागतात असं वर म्हटलं, पण तिथे कुणी वाचत बसत नाही. प्रत्येक नाव आधीच टंकून, वर्णक्रमात लावून ठेवलेलं आहे. तुम्ही आडनाव लिहिता आणि एका सेकंदात उत्तर येतं. पैसे त्या एका सेकंदाचे आहेत. पेशवे दफ्तराची १,३८९ वर्षं मात्र तशीच उभी आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात या दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. मराठी इतिहासलेखनातलं हे प्रचंड काम. त्यात साडेआठ हजारांवर कागद छापले गेले. चार कोटींत ते प्रमाण साधारण साडेचार हजारांमागे एक. संगणकाकडून मोडी वाचून घेण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत आणि मला त्यांची फार आशा आहे, पण आयआयटी रुडकीच्या चमूनं त्यासाठी जमवलेला नमुनासंच दोन हजारांहून थोड्या अधिक चित्रांचा आहे.

नाव टंकलं तरी सापडेल याची खात्री नसते, हे आणखी एक. मोडी कागदात माणूस येतो तो नाव, बापाचं नाव, गाव आणि वतन यांच्यासह. आडनाव असेलच असं नाही. तारीख ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ अशी अरबी शब्दांत असते. म्हणजे शुहूर सन ११७२, इसवी १७७१-७२. कोणत्याही परदेशी संकेतस्थळाच्या शोधचौकटीत हे साल बसत नाही. बाईचं तर लग्नानंतर पाळण्यातलं नावही बदललेलं असतं.

पेशवे दफ्तरावर सारं संपत नाही. १९१० साली वि. का. राजवाडे यांच्या पुढाकारानं पुण्यात उभ्या राहिलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात लाखो कागद आहेत. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे गावागावांच्या, कुळाकुळांच्या वह्या आहेत, तिथे दक्षिणा द्यायची आणि पूर्वजाची सही स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची. तहसील कचेरीत कोतवाल बुकं, क-पत्रकं, कडईपत्रकं. शाळेत प्रवेश-निर्गम रजिस्टर.

या साध्या सरकारी कागदांत नाव सापडणं किती कठीण असतं, याचा हिशोब अख्ख्या महाराष्ट्रानं २०२३ मध्ये पाहिला. मराठा आरक्षणाच्या मागणीवरून जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली. मराठवाड्यात पहिल्या टप्प्यात सुमारे १ कोटी ७२ लाख कागद तपासले, नोंदी निघाल्या ११,५३०. दीड हजार कागदांमागे एक. जिल्हाधिकारी कचेऱ्या, मोडी आणि उर्दू वाचणारे, सगळी सरकारी यंत्रणा कामाला लावून हे प्रमाण. पुढे शोध राज्यभर नेल्यावर नोंदींचा आकडा ५० लाखांच्या पुढे गेला. ज्या घरांनी आयुष्यात वंशावळ पाहिली नव्हती, त्या घरांत पणजोबांच्या नावावरून रात्ररात्र बोलणी झाली. भारतात कौटुंबिक इतिहासाचा एवढा मोठा शोध दुसरा झाला असेल असं मला वाटत नाही, आणि त्यात परदेशी संकेतस्थळाचा काही वाटा नव्हता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्यांची चारही आजी-आजोबांकडची माणसं देशावरची, कोकणातली, मराठवाड्यातली किंवा विदर्भातली हिंदू शेतकरी, बलुतेदार, भिक्षुक वा कारकून घराणी होती, त्यांनी वर्षाची वर्गणी भरू नये. ६,००० कोटींत त्यांच्या वाट्याला जवळजवळ काही नाही.

काही पुणेकरांनी मात्र जरूर भरावी. लष्कर भागातल्या जुन्या ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या नोंदींच्या नकला कंपनी सरकारच्या काळापासून लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर वर्गणी देऊन दिसतात. आजोबांचा भाऊ बोटीवर चढून इंग्लंड-अमेरिकेत गेला आणि परतला नाही, अशी घरंही यात येतात. त्यांच्यासाठी उतारू याद्या आणि नागरिकत्वाचे कागद खरोखर त्या संकेतस्थळांवर आहेत. मॉरिशसच्या मराठी कुटुंबांची गोष्ट वेगळी. १८३४ नंतर सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर तिथे उतरले, त्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडचेही होते. पण त्यांच्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत, शोध तिथून सुरू करावा.

भरायचीच असेल तर एका महिन्याची भरा. आधी नावं, गावं, अंदाजे सालं वहीत लिहून काढा, रोमन लिपीत आडनाव किती तऱ्हांनी लिहिलं गेलं असेल तेही लिहा, मग खातं उघडा, मिळेल ते उतरवून घ्या आणि आपोआप होणारं नूतनीकरण त्याच दिवशी बंद करा. त्याहीआधी जे फुकट आहे ते संपवा. युटामधल्या मॉर्मन चर्चचं फॅमिलीसर्च विनामूल्य आहे. २४ लाख मायक्रोफिल्म रिळांचं संगणकीकरण त्यांनी २०२१ मध्ये पुरं केलं, आणि त्यात हरिद्वारसारख्या तीर्थांच्या पंड्यांच्या वह्याही आहेत. घरातलं कुणी महायुद्धात कामी आलं असेल तर राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या १७ लाख नावांच्या यादीत विनामूल्य पाहा. खडकीचं स्मारकही त्यांच्याच देखरेखीखाली आहे.

वाचलेले पंचवीस हजार रुपये मोडी वाचणाऱ्याला द्या. घरच्या ट्रंकेतले कागद आधी वाचून घ्या, मग त्यातली गावांची नावं घेऊन पेशवे दफ्तरात अर्ज करा. आणि घरातल्या सर्वांत वयस्क बाईला तिचं, तिच्या आईचं, तिच्या आजीचं माहेरचं नाव आणि गाव या महिन्यातच विचारून लिहून ठेवा. ती माहिती जगातल्या कोणत्याही संकेतस्थळावर नाही.